खुराक कुणाचा, पोरगं कुणाचं

सोळा-सतरा वर्षांचा, कुस्तीच्या चार मैदानांत नाव झालेला पठ्ठा एक दिवस ट्रंक उचलतो आणि गावाकडची एसटी धरतो. तालमीत त्यावर दोन वाक्यं ठरलेली आहेत. एक, "मन लागंना त्याचं." दुसरं, "अंगचोर निघालं." गेल्या काही वर्षांत तिसरा शब्द बाहेरून आला, बर्नआउट, म्हणजे राबून राबून आतून संपून जाणं. आधी डॉक्टरांच्या तोंडी होता, मग गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीच्या प्रशिक्षकांच्या, आता काही आईबापांच्याही. पोरगं तेच असतं. दोष कुणाच्या पदरात घालायचा ते शब्दाबरोबर बदलतं.

शाहू महाराजांनी कुस्तीसाठी काय केलं आणि १९१२ साली खासबाग मैदान कसं उभं राहिलं, हे कोल्हापूरकराला नव्याने सांगायला नको. इथे महत्त्वाचं एवढंच की दरबारी पैलवानाच्या खुराकाची चिंता दरबाराला होती. बापाचं काम पोराला वस्तादांच्या पायावर घालण्यापुरतं. पुढचं वस्ताद बघत. त्या काळात पोरांचे लाड होत होते असं नाही. लाकडाचा मार होता आणि पहाटेचे जोर कुणाला चुकत नव्हते. पण हरलेल्या पोराला घरचं कर्ज आठवत नसे, कारण घराने त्याच्यावर कर्ज काढलेलं नसे.

हे कधी बदललं ते खाशाबा जाधव या एकाच मल्लाच्या दोन ऑलिम्पिक वाऱ्यांत दिसतं. १९४८ साली तो लंडनला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर, सहावा आला. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं. १९५२ च्या हेलसिंकीसाठी वर्गणी काढावी लागली, आणि त्याच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. गहाणखताची गोष्टही आपण अभिमानानेच सांगतो. मला तिच्यात दुसरंही काही दिसतं: दरबार गेल्यावर पैलवानामागे घर गहाण पडायला अवघी तीन वर्षं लागली. तेव्हा ते प्राचार्यांचं होतं. पुढे बापांची पाळी आली.

मधल्या काळात साखर कारखाने पुढे झाले. कार्यक्षेत्रातल्या मल्लांच्या वजनगटाप्रमाणे स्पर्धा घ्यायच्या आणि जिंकणाऱ्यांना महिन्याला मानधन द्यायचं, ही पद्धत या जिल्ह्यात चांगली रुजली. मोठ्यांबरोबर लहान गटांनाही मानधन मिळू लागलं. या एका निर्णयावर पारावर आजही दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, दोन एकरवाल्याच्या पोराच्या पेल्यात दूध पडलं ते यामुळेच, आणि ते खोटं नाही. दुसरी बाजू म्हणते, बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या कुस्तीला महिन्याचा हप्ता लागला. मानधन टिकवायचं तर पुन्हा लढायचं आणि पुन्हा जिंकायचं. एखादं वर्ष हाडं वाढण्यात, अंग भरण्यात जातं. त्या वर्षी पोरगं हरणारच. पूर्वी वस्ताद अशा पोराला मैदानातून मागे ठेवत, "यंदा नुसतं मेहनत कर" म्हणत. पैसे घरी येऊ लागल्यावर असं मागे ठेवणं अवघड झालं, कारण घरून फोन येतो.

बर्नआउट या शब्दाचा घोळ नेमका इथे अडकतो. १९७४ साली न्यूयॉर्कमधल्या एका मानसशास्त्रज्ञाने तो शब्दात मांडला, तोही खेळाडूंसाठी नव्हे. व्यसनी रुग्णांच्या मोफत दवाखान्यात राबून राबून रिकाम्या झालेल्या कार्यकर्त्यांसाठी. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या नव्या आजार-वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत: हा आजार नाही, आणि हा शब्द फक्त कामधंद्याच्या संदर्भात वापरायचा, आयुष्याच्या इतर बाबतींत नाही. जुन्या वळणाचे वस्ताद हे वाचत नाहीत, पण त्यांचं म्हणणं हेच असतं. पोरगं काय नोकरीला आहे का? खातंय, पितंय, मेहनत करतंय. त्याला कसला आलाय बर्नआउट?

खेळाच्या मानसशास्त्राने मात्र १९९० च्या दशकातच स्वतःची वेगळी व्याख्या करून घेतली होती. तिच्यात तीन खुणा आहेत. अंग आणि मन दोन्ही संपून जाणं, कितीही केलं तरी आपण पुढे सरकत नाही असं वाटणं, आणि ज्या खेळासाठी जीव टाकला त्याचीच किंमत वाटेनाशी होणं. तिसरी खूण तालमीत लगेच ओळखू येते. ज्या हौद्यात उतरताना पोरगं माती कपाळाला लावायचं, त्यात ते नुसतंच उतरू लागतं. १९९२ साली एका अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने मांडलं की हा पोराच्या कच्च्या मनाचा प्रश्नच नाही. त्याची सगळी ओळख एका खेळात कोंबलेली असते आणि स्वतःच्या दिवसावर त्याची सत्ता नसते, तिथून हे सुरू होतं. १९९७ साली किशोरवयीन जलतरणपटूंवर झालेल्या एका अभ्यासात जी मुलं खेळात अडकून पडली होती, म्हणजे आवड उरली नव्हती पण सोडताही येत नव्हतं, तीच सर्वांत जास्त खचलेली निघाली.

आता आपल्याकडचं बघा. मानधन घेणारं पोरगं कामावर नाही म्हणून त्याला बर्नआउट लागू नाही, पण ते थकलं तर अंगचोर. अंगचोर हा शब्द तर कामाचाच आहे! रोजगारावर आलेल्या गड्याला लावायचा शब्द आपण शाळेतल्या पोराला लावतो, आणि वर ते काम नाही म्हणतो. दोन्ही एकदम चालणार नाही.

कारखान्यांचं मानधन हा एक भाग. त्याहून मोठा भार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरांनी उचलला. तालमीत राहणारी पोरं हाताने स्वयंपाक करतात आणि खुराक घरून येतो. माझ्या ओळखीतल्या एका बापाने डेअरीच्या जुन्या वहीत त्याचा हिशोब ठेवला होता. रोज दोन लिटर दूध, बदाम, तूप, आठवड्याचं मटण, बुटांचे दोन जोड. प्रत्येक पानाखाली बेरीज आणि ती पुढच्या पानावर ओढलेली. वही लपवलेली नव्हती, टीव्हीच्या शेजारी असायची. पोरगं सुट्टीला आलं की जेवता जेवता त्याची नजर तिकडे जायची. बाप वाईट नव्हता, मारतही नव्हता. स्वतः तरुणपणी नारळावरच्या कुस्त्या केलेला, गुडघा गेल्यावर थांबलेला माणूस. पोराने एकदाच मला सांगितलं, "दादा, कुस्ती सोडायची न्हाई, पण वही बंद कर म्हणावं त्यांना." जलतरणपटूंच्या त्या अभ्यासातली अडकलेली मुलं ती हीच.

बापांची बाजूही आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. ऊस आणि म्हैस यांच्या भरवशावर असलेल्या घराला हे खरे दरवाजे वाटतात. त्यात हरियाणाची पोरं आठव्या वर्षी गादीवर उतरतात, आपली मातीतच रमतात, हे प्रत्येक स्पर्धेनंतर ऐकू येतं. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये एका भारतीय मुलीने कुस्तीत पदक आणलं आणि त्याच डिसेंबरात बापाने मुलींना पैलवान केल्याचा हिंदी सिनेमा आला. त्यानंतर आपल्याकडेही मुली गादीवर जास्त दिसू लागल्या, आणि पालक रोज हजर राहू लागले. मुलीला वस्तादांच्या ओटीत घालून परत जाता येत नाही, त्यामुळे आई कडेला बसते. एका अर्थी हे बरंच झालं, कडेला एक मोठं माणूस तरी आहे. पण कडेला बसलेला प्रत्येक बाप आता "पट काढ! पट काढ!" ओरडतो, आणि पोरगं वस्तादांकडे बघावं की बापाकडे, या गोंधळात स्वतःच चीत होतं.

गादीबरोबर वजनकाटा आला. मैदानात जोड लावताना वस्ताद अंगकाठी बघून लावत, पोराला वजन माहीत असण्याचं कारण नसे. आंतरराष्ट्रीय नियमांत पंधरा वर्षांखालच्या गटात ४४ किलोनंतर थेट ४८ आहे. ४६ चं पोरगं खाली उतरवायचं की वर चढवायचं, हा निर्णय बहुतेक वेळा बापाचा असतो, आणि तो बहुतेक वेळा खालीच असतो. मग स्वेटरावर जर्किन घालून रंकाळ्याला फेऱ्या आणि रात्री पाण्याचा फक्त घोट. हे खेळ नव्हेत. १९९७ साली अमेरिकेत वजन उतरवताना महिनाभराच्या आसपास तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले, आणि तिथले नियम बदलावे लागले. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन आदल्या संध्याकाळऐवजी लढतीच्या सकाळी घेतात, तेही हे उपाशी-तहानलेपण कमी व्हावं म्हणून. तेराव्या वर्षी या गटात उतरायचं तर वैद्यकीय दाखला आणि पालकांची संमती लागते. म्हणजे नियमाने पालकाला राखणदार धरलं आहे.

तासांचा हिशोब मांडला तर तो अंगावर येतो. पहाटे साडेचारपासून सकाळची मेहनत, संध्याकाळी चारपासून लढत. बारा वर्षांच्या पोराचे आठवड्याला सहज तीस तास होतात. क्रीडावैद्यकातला एक ठोकताळा असा की पोराचं वय जेवढं, तेवढेच आठवड्याचे तास. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१६ साली सांगितलं की एकाच खेळात झोकून देणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवा, आठवड्याला एक-दोन दिवस सुट्टी द्या, आणि वर्षातून तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांत, तो खेळ बंद ठेवा.

हे वाचून तालमीत लोक हसतात. पण जत्रांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन वैशाखात संपायचा, पावसात मैदानं बंद, आणि शेतकऱ्याचं पोर पेरणीला, भाताच्या लावणीला घरी जायचं. चिखलात वाकून कंबर मोडायची, पण काही आठवडे कुणी त्याला चीत करायला टपलेलं नसायचं. गादीला पत्र्याचं छप्पर आलं तसं ते थांबलं. मे महिन्यात शिबिर, जूनपासून वयोगटाच्या निवड चाचण्या. कोरोनाच्या दोन हंगामांत मैदानं बंद पडली तेव्हा पोरं पहिल्यांदाच महिनोन्‌महिने घरी राहिली, शेतात राबली. मैदानं उघडल्यावर बरीचशी परत आली. काही आलीच नाहीत. तालमीत त्यांच्याबद्दल अजूनही "मन लागंना" एवढंच बोललं जातं.