मेसोथेलिओमा : ॲस्बेस्टसशी संबंधनिश्चिती

परिफुप्फुस (फुप्फुसाभोवतीचे आवरण), पर्युदर (पोटाच्या पोकळीचे आवरण) इत्यादी आवरणांत होणाऱ्या मेसोथेलिओमा या कर्करोगामागे संबंधित रुग्णाच्या बाबतीत ॲस्बेस्टस (तंतुमय खनिजांचा गट) होते की नाही, हे ठरविण्याची पद्धत.

या संबंधाची ठोस मांडणी सामान्यतः वॅग्नर, स्लेग्ज व मार्शंड यांच्या १९६० मधील निबंधापासून मानतात. तुरळक नोंदी त्याआधीही आढळतात. दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या वायव्य भागातील ३३ रुग्णांपैकी एक वगळता सर्वांचा निळ्या ॲस्बेस्टसशी (क्रोसिडोलाइट) संपर्क संभाव्य ठरला. त्यांतील अनेकजण खाणकामगार नव्हते, खाणींच्या आसपास राहिलेले होते. लंडनमधील १९६५ च्या अभ्यासात कामगारांचे कपडे धुणारे नातेवाईक आणि कारखान्याजवळचे रहिवासीही आढळले.

ॲस्बेस्टसजन्य रोगांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरविलेल्या हेलसिंकी निकषांनुसार (१९९७, सुधारणा २०१४) अल्पकालीन वा कमी प्रमाणातील व्यावसायिक संपर्कही पुरेसा धरतात, मात्र पहिल्या संपर्कानंतर किमान १० वर्षे गेलेली असावीत. प्रत्यक्षात हे अंतर बहुधा ३० ते ४० वर्षांचे असते. धूम्रपानाचा या निर्णयाशी संबंध नाही.

खरा वाद फुप्फुसातील तंतुगणनेविषयी, म्हणजे ऊतकात सापडणाऱ्या ॲस्बेस्टस तंतूंच्या मोजणीविषयी आहे. क्रोसिडोलाइट, अमोसाइट (तपकिरी ॲस्बेस्टस) हे अँफिबोल या खनिजगटातील तंतू ऊतकात दशकानुदशके टिकतात. पांढऱ्या ॲस्बेस्टसचे (क्रिसोटाइल) तंतू तुलनेने लवकर निघून जातात. त्यामुळे जास्त संख्या हा संपर्काचा पुरावा होतो, पण कमी संख्येवरून संपर्क नाकारता येत नाही. हॉजसन व डार्न्टन यांनी (२०००) क्रिसोटाइल, अमोसाइट व क्रोसिडोलाइट यांच्या धोक्याचे प्रमाण सुमारे १:१००:५०० असे अंदाजिले. त्याच्या आधारे क्रिसोटाइलला जवळपास निर्दोष ठरविणारा एक पक्ष आहे. तथापि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सर्वच प्रकारांना कारक मानते. शिवाय समूहावरून काढलेले गुणोत्तर एका रुग्णाचा निवाडा करण्यास अपुरे पडते. म्हणून काळजीपूर्वक घेतलेला व्यवसायेतिहास अधिक विश्वसनीय मानणे योग्य वाटते.

अन्य कारणांत तुर्कस्तानातील कॅपाडोशियाच्या काही गावांत आढळणारे एरिओनाइट हे खनिज, छातीवरील किरणोपचार व बीएपी१ जनुकातील आनुवंशिक उत्परिवर्तन यांचा समावेश होतो.

भारतात छपराच्या सिमेंट पत्र्यांसाठी मुख्यतः क्रिसोटाइल वापरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपण्याचा आदेश दिला. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर नसेल, तर सहकारी व कुटुंबीय यांच्याकडून कामाचा तपशील मिळवावा लागतो.