नेबुता आणि नेपुता: आओमोरी प्रांतातले दोन कंदील-उत्सव

जपानच्या होन्शू बेटाच्या अगदी उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्री रस्त्यांवरून कागदाचे प्रचंड कंदील निघतात. आओमोरी शहरात त्यांना नेबुता म्हणतात, हिरोसाकीत नेपुता. दोन्ही गावांमध्ये रेल्वेने जेमतेम पाऊण तासाचं अंतर, आणि तारखाही जवळपास त्याच: हिरोसाकीत १ ते ७ ऑगस्ट, आओमोरीत २ ते ७. मग ‘एक पाहिला की दुसरा पाहिल्यासारखाच’ असं धरून पर्यटक आओमोरी उरकतात आणि पुढच्या गाडीला लागतात. हिरोसाकीवर हा अन्याय आहे.

मूळ दोन्हींचं एकच. उन्हाळ्यात अंगात भरणारी सुस्ती शेतीच्या कामाच्या आड येऊ नये, म्हणून जुन्या पंचांगातल्या सातव्या महिन्यात, तानाबाता या तारकांच्या सणाच्या सुमारास, ती पाण्यात सोडून द्यायची रीत उत्तर जपानात होती. तिच्यातूनच हे कंदील वाढत गेले, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. सेनापती साकानोउए नो तामुरामारोने शत्रूला भुलवायला कंदील उभारले, ही कथा तिकडे हमखास कानावर येते; पण तो इतक्या उत्तरेपर्यंत आल्याचा पुरावा नाही. हिरोसाकीच्या सरदाराने नेपुता पाहिल्याची १७२२ सालची नोंद मात्र संस्थानाच्या रोजनिशीत आहे. १९८० मध्ये दोन्ही उत्सवांना राष्ट्रीय पातळीवरचा महत्त्वाचा लोकवारसा म्हणून मान्यता मिळाली.

फरक कळतो तो रस्त्यावर उभं राहिल्यावर. आओमोरीचा नेबुता म्हणजे कागदात घडवलेलं शिल्पच. लाकडाचा आधार, तारेचा सांगाडा, त्यावर जपानी कागद आणि आत दिवे. सगळ्यात मोठे नऊ मीटर रुंद, गाड्यासकट पाच मीटर उंच आणि सुमारे चार टन वजनाचे. काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यातले योद्धे, राक्षस, ड्रॅगन अंगावर झेपावल्यासारखे येतात. कारागीर आधी काळ्या शाईने भुवया, खवले, वस्त्रांच्या चुण्या काढतात, मग वितळलेल्या मेणाच्या रेघा ओढतात. मेणात रंग शिरत नाही, त्यामुळे शेजारचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. आणि आतला दिवा लागला की नेमक्या त्या रेघा उजळून निघतात. राक्षसाच्या डोळ्यांतली ती धग तिथूनच येते.

आणि इथे नुसतं बघत बसायचं नसतं. कंदिलाबरोबर ‘हानेतो’ नाचतात: फुलांनी सजवलेली टोपी, अंगावर घुंगरं, एका पायावर दोनदा उडी, मग दुसऱ्या. ‘रास्सेराऽ, रास्सेराऽ’चा गजर, बासरी, ढोल, झांजा. ठरलेला पोशाख घातला की परदेशी पाहुण्यालाही त्यात सामील होता येतं, आणि तो पोशाख गावात भाड्याने मिळतो. पायांत बळ असेल तर खुर्चीचं तिकीट काढण्यापेक्षा नाचात शिरावं, असं मी आग्रहाने सांगेन.

हिरोसाकीचा नेपुता बहुतेक पंख्याच्या आकाराचा असतो, सपाट, दोन्ही बाजूंनी रंगवलेला. म्हणजे ही चित्रकला आहे. दर्शनी बाजूला चिनी युद्धकथांतले वीर, रक्त, तलवारी. खालच्या पट्टीवर त्सुगारू सरदार घराण्याच्या चिन्हातलं पिओनीचं फूल. ढोल संथ, आरोळीही संथ: ‘याऽ याऽ दोऽ’. कंदील जवळ येतो, समोरून जातो, आणि तेव्हा मागची बाजू दिसते. तिथे पाठमोऱ्या निरोपाचं चित्र असतं, बहुतेकदा एखादी देखणी, उदास स्त्री. हिरोसाकीचा सगळा जीव मला या मागच्या चित्रात वाटतो, आणि कंदील पुढे गेला म्हणून नजर दुसरीकडे वळवणारे नेमके त्यालाच मुकतात. हिरोसाकीचे वीर युद्धाला निघालेत, आओमोरीचे जिंकून परतलेत, अशी तिकडे म्हण आहे. इतिहास म्हणून ती घेऊ नये; पण दोन्हींचा मूड याहून नेमका सांगता येत नाही.

गणपतीसारखेच हेही बहुतांशी दरवर्षी नव्याने घडवले जातात. आओमोरीतले निवडक कंदील स्टेशनजवळच्या ‘वा रास्से’ संग्रहालयात वर्षभर ठेवतात, बाकीचे मोडले जातात.

याच भागातल्या गोशोगावाराचा ताचिनेपुता हे तिसरंच प्रकरण: सुमारे २३ मीटर उंच, ४ ते ८ ऑगस्ट. सवड असेल तर जरूर जा.

दोन रात्री हाताशी असतील तर आधी हिरोसाकी करा. आओमोरीच्या गोंगाटानंतर ते संथ ढोल फिके वाटण्याचा धोका आहे. आओमोरीत २ आणि ३ तारखेला मुलांचे कंदील असतात आणि मोठे थोडे कमी, म्हणून तिथे ४ ते ६ मधली रात्र धरावी. ७ तारखेला दोन्हीकडे रस्त्यावरची मिरवणूक दिवसा निघते. त्या रात्री आओमोरीत कंदील बोटींवरून खाडीत फिरतात आणि आतषबाजी होते. मुक्कामाच्या खोल्या या आठवड्यात फार लवकर भरतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी हॉटेल पक्कं करा.