स्पॅनिशमध्ये मनःस्थिती सांगणारी क्रियापदे : पार्श्वभूमी
‘मी मराठी आहे’ आणि ‘मी दुःखी आहे’ या दोन्ही वाक्यांना मराठीत एकच ‘आहे’ पुरते. स्पॅनिशमध्ये मात्र पहिल्या वाक्याला ‘सेर’ लागते, दुसऱ्याला ‘एस्तार’, आणि भूक किंवा भीती सांगायची असेल तर ‘तेनेर’, म्हणजे ‘जवळ असणे’, हे तिसरेच क्रियापद येते. कायमचे असेल तर सेर आणि तात्पुरते असेल तर एस्तार, असा नियम शिकणाऱ्यांना सुरुवातीला सांगितला जातो; पण ‘तो मेलेला आहे’ हे स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’ असे एस्तारनेच सांगतात आणि तेथे हा नियम कोलमडतो. या क्रियापदांचा इतिहास त्याहून भरवशाचा आधार देतो, असे मला वाटते.

लॅटिनमध्ये ‘असणे’ यासाठी ‘एस्से’ होते. कास्तिलियन, म्हणजेच आजची स्पॅनिश, भाषा घडत असताना त्याची रूपे ‘सेदेरे’, म्हणजे बसणे, या क्रियापदाच्या रूपांत मिसळली. त्यामुळे आजच्या सेरची ‘सोय’ (मी आहे), ‘एस’ (तो आहे) ही रूपे एस्सेची आहेत, तर खुद्द ‘सेर’ आणि ‘सेआ’ (असो) ही सेदेरेची. एस्तार आले ते ‘स्तारे’, म्हणजे उभे असणे, यातून. फ्रेंचमध्ये स्तारेची काही रूपे ‘असणे’ या एकाच क्रियापदात विरून गेली. इटालियनमध्ये ‘मी बरा आहे’ यासाठी ‘स्तो बेने’ म्हणतात, पण ‘मी दमलो आहे’ यासाठी ‘सोनो स्तांको’. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांनी मात्र एस्तारला फार मोठे क्षेत्र दिले.

हे एकाएकी झाले नाही. इ. स. १२००च्या सुमाराच्या ‘कांतार दे मियो सिद’ या काव्यात ‘ते आले आहेत’ अशा अर्थाच्या वाक्यांतही सेर आढळते. पुढच्या शतकांत एस्तारने आधी स्थळ सांगण्याचे काम बळकावले आणि मग घडून आलेल्या अवस्था सांगण्याचे. तरीही सोळाव्या-सतराव्या शतकांतील नाटकांत वार लागलेले पात्र ‘मुएर्तो सोय’, म्हणजे सेर वापरूनच, ‘मी मेलो’ असे ओरडते, आणि ‘सोय कोन्तेन्तो’, म्हणजे ‘मी समाधानी आहे’, हा प्रयोगही त्या काळी रूढ होता. आज ‘कोन्तेन्तो’ला एस्तारच लागते. म्हणून एस्तारचा संबंध काळाच्या लांबीशी न जोडता, माणूस ज्या अवस्थेत येऊन पोहोचला आहे तिच्याशी जोडावा. मग दुःख, थकवा, राग आणि मृत्यू एकाच ओळीत बसतात. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे आणि ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळला आहे, हा भेदही त्यातूनच उलगडतो. ‘फेलिस’, म्हणजे सुखी किंवा आनंदी, याला दोन्ही चालतात : आयुष्याबद्दलचे समाधान सेरने, एखाद्या प्रसंगाचा आनंद एस्तारने.

तेनेरची वाट वेगळी आहे. भूक लागणे आणि तहान लागणे यांसाठी लॅटिनमध्ये ‘एसुरिरे’ आणि ‘सितिरे’ अशी स्वतंत्र क्रियापदे होती. ती मागे पडून नामाला ‘जवळ असणे’ जोडण्याची पद्धत आली. मध्ययुगात हे काम ‘आवेर’ हे ‘जवळ असणे’ याच अर्थाचे क्रियापद करत असे. तेनेरचा मूळ अर्थ धरून ठेवणे. हळूहळू त्याने मालकीचा अर्थही घेतला, आणि १५३५च्या सुमारास हुआन दे वाल्देस या स्पॅनिश लेखकाने तेनेरच्या जागी आवेर वापरणे ही जुनी रीत असल्याचे नोंदवले. भूक, तहान, झोप, भीती, लाज, मत्सर आणि घाई ही सगळी आज तेनेरकडे आहेत. थंडीच्या बाबतीत तर तिन्ही क्रियापदे जपून वापरावी लागतात : ‘तेन्गो फ्रिओ’ म्हणजे मला थंडी वाजते, ‘एस्ता फ्रिओ’ म्हणजे एखादी वस्तू हाताला गार लागते, आणि ‘एस फ्रिओ’ म्हणजे माणूस स्वभावाने थंड आहे.

भावना बदलण्याची क्रिया सांगण्यासाठी लॅटिनमध्ये ‘फिएरी’, म्हणजे ‘होणे’, हे क्रियापद होते. स्पॅनिशमध्ये ते टिकले नाही आणि त्याचे काम अनेकांत वाटले गेले. एकदम उदास किंवा अस्वस्थ होण्याला ‘पोनेर्से’, वेडे होण्यासारख्या खोल बदलाला ‘बोल्वेर्से’, आणि एखाद्या घटनेनंतर थक्क होऊन राहण्याला ‘केदार्से’. आवडीनिवडीच्या बाबतीत मात्र मराठी माणसाचे काम सोपे आहे. पूर्वी ‘गुस्तार दे’ या प्रयोगात ज्याला आवडते तो माणूस कर्ता असे. पुढे आवडती वस्तू कर्ता झाली, आणि ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’ यांतील क्रियापद ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ याप्रमाणेच आंब्यांच्या संख्येनुसार बदलते.