गानपक्ष्यांचे गानमंडल आणि प्रजनन

गाणे ऐकून शिकणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत चेतापेशींचे काही पुंजके एकमेकांना जोडलेले असतात. या साखळीला गानमंडल म्हणता येईल. कोकिळ यात बसत नाही. कावळ्याच्या घरट्यात वाढूनही तो पुढे ‘कुहू’च करतो, कारण ती हाक उपजत असते. नाशिकच्या अंगणातला दयाळ मात्र खरा गानपक्षी. मार्च-एप्रिलमध्ये तो उजाडण्याआधीच डिश अँटेनावर बसून, शेपटी उभारून, लांबलचक ताना घेतो; डिसेंबरात हाच पक्षी झुडपातून नुसता खरखरतो.

हा फरक मेंदूतून येतो. एचव्हीसी या केंद्रातून निघालेला संदेश आरए या केंद्रामार्गे श्वासनळीच्या तळाशी असलेल्या ध्वनी-अवयवाच्या स्नायूंपर्यंत जातो. एरिया एक्स या केंद्राकडे जाणारी दुसरी वाट प्रामुख्याने पिल्लाच्या शिकण्याची. फर्नांडो नॉटेबोम आणि आर्थर अर्नोल्ड या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवले, की कॅनरी आणि झेब्रा फिंच यांच्या नरांत ही केंद्रे माद्यांपेक्षा बरीच मोठी असतात. १९८१ मध्ये नॉटेबोम यांना कॅनरी नरांत ती वसंतात फुगलेली आणि शरदात आक्रसलेली आढळली. प्रौढ मेंदूचा आकार ऋतूनुसार बदलतो, हे तेव्हा पचायला जडच होते.

दिवस मोठा झाल्याचे पक्ष्याला डोळ्यांवाचूनही कळते: कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूतील खोलवरच्या पेशी टिपतात. मग वृषणे वाढतात, टेस्टोस्टेरॉन वाढते आणि गानकेंद्रे फुलतात. नाशिकला दिवस डिसेंबरात सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. समशीतोष्ण प्रदेशाच्या मानाने हा फरक थोडा. त्यामुळे उष्ण कटिबंधात पावसालाही महत्त्व येते. नांदूर मध्यमेश्वर परिसरात सुगरण पक्ष्याची घरटी पावसाळ्यातच लटकतात. नाव स्त्रीचे असले, तरी विणणारा नर.

गाता येणे वेगळे आणि गावेसे वाटणे वेगळे. गावेसे वाटण्याशी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसलगतच्या प्रीऑप्टिक भागाचा संबंध असतो. मैनेच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्याच्या नरांत त्याला इजा केली, तर मादीसमोरचे गाणे आटते.

ऐकणाऱ्या मादीकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. एचव्हीसीला इजा झालेल्या कॅनरी माद्या परजातीच्या गाण्यालाही मीलनाची मुद्रा देऊ लागल्या, असे १९९१ मध्ये एलियट ब्रेनोविट्झ यांनी नोंदवले.