साहसकथांतून आधुनिक भौतिकी (कोल्हापूर)

सापेक्षता सिद्धांत, पुंज सिद्धांत (क्वांटम, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगाचे नियम), कृष्णविवरे हे विषय मुलांना प्रवास, पाठलाग, सुटका अशा कथानकातून शिकवण्याची पद्धत. तिला बहुधा विज्ञानकथेत गणतात. पण इथे नायकापुढचा पेच भौतिकीच्या नियमातूनच उभा राहतो, म्हणून ती वेगळी धरणे अधिक सयुक्तिक.

उगम : या पद्धतीचा ठळक आरंभ सामान्यतः भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो यांच्या 1938 पासून मासिकात आलेल्या व 1940 च्या सुमारास पुस्तकरूप झालेल्या स्वप्नकथांत मानतात. त्यांचा वाचक मात्र प्रौढ होता. मराठीत विज्ञानकथेची वाट याआधीच, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, भाषांतरांतून पडली होती. तिच्यात आधुनिक भौतिकी ठसठशीतपणे आली ती जयंत नारळीकरांमुळे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने (स्वतःची आद्याक्षरे उलटी करून) पाठवली व तिला पहिले पारितोषिक मिळाले.

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा (19 जुलै 1938). सापेक्षतेचे अभ्यासक असलेले त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही इथलेच. यावरून कोल्हापूरला या परंपरेवर हक्क सांगता येईल. तो जपूनच घ्यावा : आत्मचरित्रासाठी नारळीकरांनी निवडलेल्या चार नगरांत वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे आहेत, कोल्हापूर नाही.

तंत्र : सापेक्षतेचे परिणाम प्रकाशाच्या वेगाजवळ गेल्यावरच ठळक होतात, म्हणून मुख्य युक्ती म्हणजे प्रकाशाचा वेग आटोक्यात आणणे. तो ताशी 100 किमी आहे असे समजू. कोल्हापूरहून पन्हाळा सुमारे 20 किमी. ताशी 80 किमी वेगाने मोटारसायकल हाणणाऱ्याला रस्त्याकडेच्या घड्याळांनुसार 15 मिनिटे लागतील. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात 9 च मिनिटे झालेली असतील आणि त्याच्या मापाने रस्ताही 12 किमीच भरेल. पाठलागाच्या गोष्टीला एवढा फरक पुरतो. शिवाय गाडी कितीही पिळली तरी 100 चा आकडा गाठता येत नाही, हे पोरांना पाठांतरापेक्षा लवकर पटते.

इथे एक जुनी चूक मात्र शिरते. वेगात जाणारी वस्तू चपटी ‘दिसते’ असे चित्र अशा कथांत सर्रास काढतात. आकुंचन (वर रस्ता 12 किमीच भरला तसे लांबी कमी भरणे) हे मोजमापातले आहे. वस्तूच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला प्रकाश डोळ्यापर्यंत यायला कमीअधिक वेळ घेतो. त्यामुळे ती चपटी न दिसता किंचित वळल्यासारखी दिसेल, असे 1959 मध्ये टेरेल व पेनरोज यांनी स्वतंत्रपणे दाखवले. लेखकाने ‘दिसले’ऐवजी ‘मोजले’ लिहिले तरी दोष जातो.

पुंज सिद्धांत : हा कथेत बसवणे अवघड. त्यानुसार सूक्ष्म कण कधीकधी अडथळ्यातूनही आरपार जातो. पन्हाळ्याच्या तटातून आरपार निसटणारा नायक आकर्षक वाटतो, पण माणसाच्या बाबतीत ती शक्यता शून्यातच जमा. किरणोत्सर्गी अणुकेंद्रातून आल्फा कण (दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचा गट) मात्र असाच निसटतो. ते स्पष्टीकरण 1928 मध्ये देणाऱ्यांत गॅमोही होते.