नागपुरातील कॉलेज रॉक बँड

नागपुरात मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आधाराने उभे राहणारे चार-पाच जणांचे हौशी वाद्यवृंद. लीड गिटार, ऱ्हिदम गिटार, बेस, ड्रम्स आणि गायक ही नेहमीची मांडणी. कीबोर्डवाला मिळाला तर उत्तमच. बँड भांडणातून फुटतात असा समज आहे. भांडणे इथेही होतात, पण नागपूरचा बँड बहुधा कॅम्पस प्लेसमेंटमुळे संपतो.

भारतीय रॉकची घडण मोठ्या शहरांत झाली. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला आणि १९९० च्या दशकात केबल टीव्हीमुळे परदेशी बँड घरोघरी दिसू लागले. नागपूरला हे वारे मुख्यतः वसतिगृहांमार्गे लागले. १९६० साली स्थापन झालेल्या आणि २००२ पासून व्हीएनआयटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयात देशभरातून मुले येतात. त्यांच्यासोबत कॅसेटी, नंतर सीडी आणि पुढे पेनड्राइव्ह आले. तिथल्या ‘आरोही’सारख्या महोत्सवांमुळे स्थानिक मुलांना रंगमंच दिसला. धरमपेठ किंवा लक्ष्मीनगरमधला, शास्त्रीय संगीताच्या एक-दोन परीक्षा दिलेला मुलगा आणि परप्रांतातून आलेला गिटारवाला अशी जोडी मग जमते. बँडचे नाव ठरवण्यात पहिले गाणे बसवण्यापेक्षा जास्त दिवस जातात.

सरावाची जागा हा मोठा प्रश्न. गिटारवर खोलीतही भागते, ड्रम्सचे काय करायचे? कोणाच्या तरी घराची गच्चीवरची खोली किंवा गॅरेज मिळते, भिंतींना जुन्या गाद्या लागतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ड्रम्सचा एक जोरदार ठोका ती सहज ओलांडतो. शेजारच्या काकूंना नियम माहीत नसला तरी चालते. त्या थेट आईकडे येतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा बंद खोलीत तासभर टिकणे कठीण होते. कूलर लावावा तर त्याची घरघर माइकमध्ये शिरते आणि दमट हवेने गिटारच्या तारा गंजतात. म्हणून खरा हंगाम थंडीचा आणि महोत्सवांचा.

सुरुवातीला सगळे ‘कव्हर’, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, असते: इंग्रजी हेवी मेटल, थोडे हिंदी, थोडे पाकिस्तानी बँडचे उर्दू. स्वतःच्या गाण्याला या वर्तुळात ‘ओसी’ म्हणतात. स्पर्धेत परीक्षक ओसीला दाद देतात, श्रोते मात्र ओळखीच्या गाण्याची फर्माइश करतात. या ओढाताणीत बहुतेक बँड दोन-तीन ओसींच्या पुढे जात नाहीत आणि त्याही बहुतांशी इंग्रजीत असतात. घरात वऱ्हाडी, कॉलेजात हिंदी बोलणाऱ्यांनी इंग्रजीत दुःख मांडणे हे या बँडचे सर्वांत कच्चे अंग मानावे लागेल.

उतरण सातव्या सेमिस्टरला सुरू होते. ‘ॲप्टिट्यूड’ची तयारी आणि मुलाखती यांमुळे सराव आठवड्यातून एकदा, मग परीक्षेनंतर, मग ‘बघू’ असा सरकत जातो. नोकऱ्या पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे असतात. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात आयटी कंपन्या आल्या, तरी हा ओघ थांबलेला नाही. गावात राहून बँड चालवायचा तर पैसे हवेत, आणि तिकिट काढून मूळ गाणी ऐकणारा वर्ग शहरात लहान आहे. कॅफेत वाजवायला बोलावतात ते बहुधा एक गिटार आणि एका गायकाला. ड्रम्सला जागा नसते आणि चौघांच्या मानधनाचा विषयच निघत नाही. मुंबईच्या स्पर्धेला जायचे तर रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर अंतर, तेही सामानासह.

त्यामानाने ‘धुमाल’ची स्थिती उलटी आहे. गाडीवर ढोल-ताशे, पॅड, कीबोर्ड आणि भोंगे चढवून मिरवणुकीत वाजणारा हा प्रकार नागपूर आणि छत्तीसगडमध्ये लोकप्रिय असून लग्ने, गणपती आणि देवीच्या हंगामात त्याला रोख सुपारी मिळते. आवाज रॉकपेक्षा जास्तच. लय सांभाळण्याची मेहनतही कमी नाही, तरी रॉकवाले त्याकडे नाक मुरडतात. जयंतीचे भीमगीतांचे कार्यक्रम, जागरणे आणि लग्नातले ऑर्केस्ट्रा यांना चांगल्या वादकाची गरज कायम असते. बँड मोडल्यावर शहरात उरलेल्या ड्रमर आणि कीबोर्डवाल्याला तिथे काम मिळू शकते. लीड गिटारवाला शिकवण्या घेतो. गायकाने पुण्यात नोकरी धरलेली असते आणि सुट्टीत आला की तो पुन्हा एकदा जमण्याचा विषय काढतो. तोवर गिटारचा ॲम्प्लिफायर कोणीतरी ज्युनिअर बॅचला विकलेला असतो.