पार्ट-टाइम नोकरी की कन्सल्टन्ट? स्टार्टअपच्या कागदात काय बघायचं

नागपुरात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोराला विचारा, सध्या काय सुरू आहे? उत्तर येतं, "एका स्टार्टअपमध्ये पार्ट-टाइम लागलो." लागलास म्हणजे नोकरीवर लागलास की कन्सल्टन्ट म्हणून, हे पुढे कोणी विचारत नाही. विचारलं तर तो मोबाइलमध्ये पीडीएफ शोधायला लागतो, आणि बरेचदा ते पीडीएफ त्याने त्याच वेळी पहिल्यांदा नीट वाचलेलं असतं.

घोळ होणं साहजिक आहे. नोकरीवाला आणि कन्सल्टन्ट, दोघंही लोकमान्य नगरहून मेट्रो धरून आयटी पार्ककडे येतात, एकाच टेबलाला बसतात, रोजच्या छोट्या मीटिंगला, म्हणजे स्टँड-अपला, एकत्र हजर असतात, एकाच रेपोत (कंपनीच्या कोडच्या साठ्यात) कोड ढकलतात आणि सहा वाजता एकाच टपरीवर तर्री-पोहे खातात. महिनाअखेरीला दोघांच्या खात्यात पैसे येतात. फरक कागदात असतो. नोकरी असेल तर ऑफर लेटर, पगार आणि सॅलरी स्लिप. कन्सल्टन्ट असाल तर ॲग्रीमेंट, फी, आणि दर महिन्याला कंपनीला द्यायचं बिल, तेही तुम्ही बनवलेलं. तास कमी आहेत म्हणून कोणी कन्सल्टन्ट होत नाही. रोज चार तासांचीही रीतसर नोकरी असू शकते.

सुरुवात पैशापासून करू, कारण पहिला धक्का तिथेच बसतो. समजा दोघांनाही महिन्याला 15,000 ठरले, म्हणजे वर्षाचे 1,80,000. एवढ्या पगारावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापायचं कारणच नाही, त्यामुळे नोकरीवाल्याच्या हातात पूर्ण 15,000 येतात. कन्सल्टन्टची वर्षाची फी 50,000 च्या वर जाणार असेल तर कंपनी सहसा 10 टक्के कापून घेते. एप्रिल 2025 आधी ही मर्यादा 30,000 होती. सीए लोकांच्या तोंडी ‘194जे’ हे कलम येतं ते हेच. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, तरी लोक अजून जुनाच आकडा म्हणतात. तर हातात येतात 13,500, आणि पोरगं म्हणतं, कंपनीने कापले. कंपनीने ते तुमच्या पॅनवर सरकारकडे भरलेले असतात. दुसरं उत्पन्न नसेल तर एवढ्या कमाईवर कर बसत नाही, रिटर्न भरलं की वर्षाचे 18,000 परत मिळतात. फक्त ते भरावं लागतं, आणि पगारवाल्याचा साधा ‘सहज’ फॉर्म इथे चालत नाही. पॅनच दिला नसेल तर कपात 20 टक्के. जीएसटीची धास्ती मात्र घेऊ नका, सेवेसाठी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला 20 लाख उलाढालीची आहे.

पैशाचा फरक वर्षभरात मिटतो. कोडच्या मालकीचा मिटत नाही, आणि त्याकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष नसतं.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत धरलेला आहे, म्हणजे कादंबरी आणि तुमची पायथनची फाइल एकाच रांगेत. नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. तिथे विषय संपतो. बाहेरचा माणूस म्हणून, कन्सल्टन्ट म्हणून लिहिलं असेल तर पहिला मालक साधारणपणे लिहिणारा. कंपनीला तो हक्क हवा असेल तर तो लेखी आणि सहीनिशी करून घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. फी चुकती केली म्हणजे कोड आपला झाला, असं फाउंडर मंडळी बिनधास्त समजून चालतात. कायदा तसं म्हणत नाही.

याचा प्रत्यय कधी येतो? गुंतवणूकदार पैसे घालायला निघतो आणि त्याचे वकील विचारतात, हा मॉड्यूल कोणी लिहिला, त्याचा हक्कलेख कुठे आहे? मग कॉलेज संपवून पुण्या-बंगळुरात गेलेल्या जुन्या पोराला अचानक गोड मेल येतो, एवढ्या कागदावर सही करून पाठवशील का? अशी सही नाकारून अडवणूक करावी असं मी कोणाला सांगणार नाही. पण वाचून करावी, आणि थकलेली फी असेल तर आधी ती मागावी.

उलट बाजूचा सापळा जास्त वाईट. इंटरनेटवरून उचललेल्या करारांत एक वाक्य हमखास असतं: कराराच्या काळात केलेली प्रत्येक निर्मिती कंपनीची. प्रत्येक म्हणजे तुमचा फायनल इयरचा प्रोजेक्टही. हॅकेथॉनला केलेलं ॲपही, आणि रात्री हॉस्टेलवर बसून मजेखातर लिहिलेली कोडची लायब्ररीसुद्धा. या वाक्यात ‘कंपनीने सोपवलेल्या कामासाठी केलेली’ एवढे शब्द घालून मागा. समजूतदार फाउंडर लगेच मान्य करतो, कारण त्यालाही तुमच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये रस नसतो. आणि कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून कंपनीचंच काम दाखवणार असाल तर दोन्हीकडची लेखी परवानगी आधी घ्या, सबमिशनच्या आदल्या रात्री नको.

आता खरा प्रश्न. कागदावर ‘कन्सल्टन्ट’ लिहिलं म्हणजे तुम्ही कन्सल्टन्ट ठरता का? ठरताच असं नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस या शिलाईच्या दुकानाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, निकाल 1973 चा. तिथल्या शिंप्यांना नगावर पैसे मिळत. काम असेल तर यायचं, यायचं नसेल तर रजेचा अर्ज द्यावा लागत नसे. काही कापड घरी नेऊन शिवत. वरवर बघितलं तर पक्के फ्रीलान्सर. पण शिलाई यंत्रं दुकानाची होती, आणि शिवण मनासारखी नसेल तर मालक ती परत करून पुन्हा शिवायला लावी. न्यायालयाने त्यांना कामगार ठरवलं.

आता स्वतःकडे बघा. लॅपटॉप कंपनीचा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला कोड, नापसंत झाली की परत येते, पुन्हा लिहा म्हणून. वर तीन ते सात हजेरी, आणि एक दिवस नाही आलात तर ग्रुपवर "कुठे आहेस?" असा मेसेज. त्या शिंप्यांना तुमच्यापेक्षा जास्त मोकळीक होती! या निकालाच्या जोरावर विद्यार्थ्याने कोर्टात जावं असं नाही, तेवढा वेळ कोणाला आहे. पण बोलणी करताना हे माहीत असलेलं बरं.

पीएफचं थोडक्यात: तो कायदा 20 माणसांपासून लागू होतो, त्यामुळे बऱ्याच छोट्या स्टार्टअपमध्ये प्रश्नच येत नाही. जिथे लागू आहे तिथे पार्ट-टाइम म्हणून कोणी सुटत नाही.

परीक्षेचं मात्र बघा. विद्यापीठाची हिवाळी किंवा उन्हाळी परीक्षा लागली की महिनाभर काम जमत नाही. नोकरीत रजा मागता येते, बिनपगारी का होईना, आणि परत आल्यावर जागा असते. कन्सल्टन्टला रजा नावाचा प्रकारच नाही. काम नाही तर बिल नाही, आणि तेवढ्यात दुसरा कोणी आला तर करार पुढे वाढत नाही. दुसरीकडे, नोटीस पीरियडची कटकटही कन्सल्टन्टला बहुधा कमी असते. पुढे मोठ्या कंपनीत रुजू होताना जुन्या कामाची पडताळणी होते, तेव्हा सॅलरी स्लिप आणि अनुभवाचं पत्र असलेल्याचं काम पटकन होतं. बिलं आणि बँक स्टेटमेंट दाखवणाऱ्याला दोन मेल जास्त लिहावे लागतात, एवढंच.

‘सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ या कलमाला दोघांनीही घाबरू नये. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे ते टिकत नाही. गुप्ततेचं कलम टिकतं, ते पाळा. आणि डिप्लोमाच्या पोरांसाठी: 18 पूर्ण नसतील तर तुमच्या सहीचा करारच होत नाही, घरच्यांना सांगूनच पुढे जा.

माझं मत विचाराल तर, रोज ठरलेल्या वेळी बसवणार असतील तर नोकरीच मागावी. कन्सल्टन्ट म्हणून घ्यायचं असेल तर वेळेची अट काढायला लावावी आणि दर चढा सांगावा, कारण रजा नाही, पीएफ नाही, उद्याची खात्री नाही. तीन महिन्यांचं एखादं सुटं काम असेल, कॉलेजचं वेळापत्रक जड असेल, तर कन्सल्टन्सी उत्तम. फक्त बिल धड बनवा: क्रमांक, तारीख, पॅन, बँक तपशील, कोणत्या काळात काय करून दिलं ते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते. ती असेल आणि करार लेखी असेल तर पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे.

सही करण्याआधी हा मेल टाका, फोनवर बोलून सोडू नका: "दादा, रोज 3 ते 7 यायचं असेल तर पगारावरचं ऑफर लेटर द्याल का? कन्सल्टन्सीच ठेवायची असेल तर वेळेचं कलम काढून कामाची यादी जोडा, आणि निर्मितीच्या कलमात ‘सोपवलेल्या कामासाठी’ हे शब्द घाला." उत्तर लेखी येईपर्यंत कोड ढकलायला सुरुवात करू नका.